मागचा बुश आणि लोहाओळीचा रॉड

नागपुरात मानेवाडा चौकाकडून बेशाच्या बाजूला येताना आमच्या शाळेच्या अलीकडे एक गतिरोधक आहे. त्याला पट्टे नाहीत, फलक नाही, उंचीलाही काही धरबंध नाही. गेल्या पावसाळ्यापासून आमची गाडी त्यावरून उतरली की मागून 'धप्प' असा आवाज यायचा. भरलेलं पोतं जिन्याची एक पायरी खाली घसरावं तसा. बायको म्हणायची, "अहो, डिकीत काही राहिलं काय?" डिकीत काही नव्हतं. मी ती तीनदा रिकामी केली. स्टेपनी आवळली, जॅक जुन्या टॉवेलात गुंडाळला. धप्प काही थांबला नाही.

गाडी २०११ची हॅचबॅक. एक लाख अठरा हजार किलोमीटर झालेली, त्यातले निम्मे शाळा ते घर. सप्टेंबर २०२३ला अंबाझरी तलाव ओसंडला त्या रात्री ती अंबाझरी लेआऊटमध्ये बहिणीच्या दारात उभी होती. सकाळी पाणी उतरलं तेव्हा चाकं अर्धी गाळात होती. इंजिनात पाणी शिरलं नाही म्हणून आम्ही स्वतःला नशीबवान समजलो आणि विषय संपवला. तो संपला नव्हता, पण ते पुढे.

आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याने मागची बाजू दोन्ही हातांनी दोनदा दाबून पाहिली आणि निकाल दिला, शॉकअप गेले. बदलले. बेचाळीसशे रुपये. गाडी परत आणली, गतिरोधक आला, धप्प. पुन्हा गेलो तर म्हणाला, मग एक्सल बदलावा लागेल, त्याचा बुश वेगळा मिळत नाही. आकडा ऐकून मी "विचार करून सांगतो" म्हटलं. नागपुरात याचा अर्थ 'येत नाही' असाच होतो, हे त्यालाही कळलं असावं.

विचार करायला मदत केली ती मागच्या गल्लीतल्या काकांनी. काका एसटीच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालेले. आयुष्य बसच्या खाली उताणं पडून गेलं, त्यामुळे बहुतेक माणसं गाडी वरून बघतात याचंच त्यांना नवल वाटतं. मी आवाजाचं वर्णन करू लागलो तर त्यांनी हात वर करून थांबवलं. "सर, आवाज मले नका सांगू. गाडी काढा." मग रस्त्याच्या कडेला पाट टाकून ते बसले आणि मला गाडी चार फूट पुढे, चार फूट मागे घ्यायला लावली. प्रत्येक वेळी खटकन ब्रेक. पाचव्या वेळी म्हणाले, "उतरा आता, मी चालवतो, तुम्ही पाहा."

पाहिलं. गाडी पुढे जाताना ब्रेक लागला की डावं मागचं चाक चाकाच्या कमानीत बोटभर मागे सरकायचं आणि ब्रेक सोडला की पुढे यायचं. उजवंही सरकत होतं, थोडं कमी. तेरा वर्षं गाडी चालवतो, पण मागचं चाक कमानीत पुढेमागे हलू शकतं हे त्या दिवसापर्यंत डोक्यातच आलं नव्हतं.

"बुश गेला," काका म्हणाले. "दोन्ही गेले. शॉकअप बिचाऱ्याचा काय गुन्हा होता?"

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना मागे टॉर्शन बीम असतो, गॅरेजवाला ज्याला एक्सल म्हणाला तोच. इंग्रजी एच अक्षर जमिनीवर आडवं ठेवल्यासारखा लोखंडी सांगाडा. १९७४च्या फोक्सवॅगन गोल्फपासून ही रचना रुळली, कारण ती स्वस्त आहे, जागा कमी खाते आणि तिच्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही. एचच्या मागच्या दोन टोकांना चाकं. पुढच्या दोन टोकांना एकेक गोल डोळा आणि त्या डोळ्यात ठोकून बसवलेला बुश. बुश म्हणजे बाहेर एक लोखंडी नळी, आत दुसरी बारीक नळी, आणि दोहोंच्या मध्ये दोन्हींना चिकटवून घट्ट केलेलं रबर. मुठीएवढी वस्तू. पण मागचा सगळा सांगाडा गाडीला पुढून धरून ठेवतात ते हे दोनच. ब्रेकचा झटका, खड्ड्याचा दणका, वळणावरची ओढ, सगळं या दोन रबरांतून जातं.

पहिल्यांदा वाचताना माझ्याही ध्यानात आली नव्हती अशी एक गोष्ट इथेच सांगतो. आतली नळी बोल्टभोवती फिरत नाही. बोल्ट तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडून गाडीच्या ब्रॅकेटला पक्की करतो. चाक वरखाली होतं तेव्हा फिरतं ते फक्त रबर, स्वतःला पिळत. म्हणून तिथे तेल लागत नाही, वंगण लागत नाही. आवाज येतो म्हणून कोणी तिथे तेल मारत असेल तर त्याने रबर फुगतं आणि लवकर मरतं. ही गोष्ट मला पाठ होती. तिचा पुढचा अर्थ मात्र कळला नव्हता, आणि त्याची शिक्षा मी भोगली.

बुश वेगळा मिळत नाही हे खोटं निघालं. घाट रोडवर तिसऱ्या दुकानात मिळाला. दुकानदाराने माझ्या मोबाइलमधला फोटो बोटांनी मोठा करून पाहिला, आत गेला आणि दोन डब्या घेऊन आला. सातशे ऐंशीला एक. मी विचारलं, एक जास्त खराब आहे, एकच घेऊ का? तो हसला. "एका पायात नवा बूट, एका पायात जुना. चाला मग." दोन्ही घेतले. बोल्टचे नटही नवे घेतले, कारण ते स्वतःच आवळून बसणारे असतात आणि एकदा उघडले की त्यांची पकड पूर्वीची राहत नाही.

बुश काढायचा कसा, हा खरा प्रश्न. वर्कशॉपमध्ये यासाठी पुलर असतो. मी ठरवलं, आपण करू. तत्त्व सोपं आहे. डोळ्याच्या एका बाजूला बुशापेक्षा मोठ्या तोंडाचा पाइपचा तुकडा ठेवायचा, दुसऱ्या बाजूला बुशावर बरोबर बसेल एवढी जाड वॉशर, मधून आट्यांचा रॉड, दोन टोकांना नट. नट आवळत गेलं की बुश पाइपात सरकत जातो.

सामान आणायला इतवारीत लोहाओळीला गेलो. इतवारीत सगळ्याच्या ओळी आहेत. लोहाओळीत दुकानासमोर पाय ठेवायलाही लोखंडच असतं. बारा मिलिमीटरचा मीटरभर रॉड, सहा नट आणि तळहाताएवढ्या चार वॉशर घेतल्या. पाइपचा तुकडा भंगारातून मिळाला. एका लेथवाल्याने त्याची दोन्ही तोंडं सरळ करून दिली आणि पन्नास रुपये घेतले. त्याने विचारलंही, "काय बनवून राहिले?" मी सांगितलं. तो रॉडकडे पाहून म्हणाला, "ह्या रॉडनं?" मी म्हटलं, हो. तो काही बोलला नाही. त्याचं न बोलणं मी तेव्हा ऐकायला हवं होतं.

डिसेंबर निवडला होता तो मुद्दाम. मे महिन्यात आमच्या पोर्चच्या फरशीवर पाठ टेकली तर माणूस भाजून निघतो. अडचण एकच, डिसेंबरात नागपुरात अधिवेशन असतं आणि वर्धा रोडपासून सीताबर्डीपर्यंत कुठला रस्ता कधी बंद होईल याचा नेम नसतो. पण मला कुठे जायचंच नव्हतं. शनिवारी सकाळची शाळा करून घरी आलो, पोळी खाल्ली आणि जुना पायजमा चढवला.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडं लावली, गाडी गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक सोडला. मागची बाजू जॅकने उचलून दोन स्टँडवर टेकवली आणि काढलेली चाकं दोन्ही बाजूंनी गाडीखाली सरकवून ठेवली. स्टँड सटकलाच तर गाडी चाकावर पडेल, माझ्यावर नाही. ही काकांची शिकवण. "जॅक उचलायसाठी असते सर, त्याच्या भरवशावर झोपायसाठी नाही."

बोल्टवर तेलाचा फवारा मी शुक्रवारी रात्रीपासून तीनदा मारला होता. तरी डावा बोल्ट हलेना. पान्याला चार फुटांचा पाइप घालून मी त्यावर जवळजवळ लोंबकळलो. नट करकरत निघाला. पण बोल्ट? बोल्ट फिरत होता आणि त्याच्यासोबत बुशाची आतली नळीही फिरत होती. दोघं गंजून एक झाले होते. टॉर्च लावून पाहिलं तर नळीच्या तोंडाशी पिवळसर, बारीक, वाळलेला गाळ. अंबाझरीचा. सव्वा वर्षापूर्वीचं ते पाणी मी विसरलो होतो, बोल्ट विसरला नव्हता.

ठोकून, फिरवून, पुन्हा फवारून तो बाहेर यायला पावणेदोन तास गेले. उजवा दहा मिनिटांत निघाला. का, विचारू नका.

ब्रेकच्या नळीची क्लिप आणि हँडब्रेकच्या केबलचं ब्रॅकेट मी आधीच सोडवलं होतं. बीमचं पुढचं तोंड खाली उतरतं तेव्हा त्याचं वजन त्या रबरी नळीवर येऊ द्यायचं नाही. ती ताणली तर आजचं काम होतं पण उद्याचा ब्रेक जातो. बीमला जॅकचा टेकू देऊन एक एक बाजू उतरवली आणि डोळा पुन्हा वर उसळू नये म्हणून बॉडी आणि बीमच्या मध्ये लाकडी ठोकळा बसवला. तो बसवताना माझी करंगळी आत सापडता सापडता वाचली. तेव्हापासून ठोकळा लावायचा तो लांब दांड्याने ढकलून, हाताने नाही.

आता डोळ्यासमोर जुना बुश होता. रबर एका बाजूने नळीपासून पूर्ण सुटलेलं, मध्ये अशी फट की तिच्यातून पलीकडची भिंत दिसत होती. नवव्या वर्गातली माझी पोरगी टॉर्च धरून बसली होती. म्हणाली, "बाबा, याच्या आत मुद्दाम ठेवलेल्या दोन फटीही आहेत नं? त्या सरळ आहेत की तिरप्या?" मी थांबलो. प्रश्न मोलाचा होता. या बुशात रबर सगळीकडे सारखं भरलेलं नसतं. काही दिशेने मऊ हवं, काही दिशेने कडक हवं म्हणून त्यात पोकळ खाचा ठेवलेल्या असतात. बुश फिरवून बसवला तर तो बसतो, पण काम चुकीच्या दिशेने करतो. तिने दप्तरातून व्हाइटनर आणला आणि खाचांच्या सरळ रेषेत डोळ्याच्या बाहेर बीमवर दोन ठिपके दिले. मग डोळ्याच्या काठापासून बुश किती आत आहे तेही पट्टीने मोजून वहीत लिहिलं. माझ्या डोक्यात हे दोन्ही नव्हतं.

पुलर लावला, नट आवळायला सुरुवात केली. पहिली पाच मिनिटं काहीच नाही. मग पाना अचानक हलका झाला. मला वाटलं निघाला. निघाला नव्हता. रॉडचे आटे सपाट झाले होते, नटाच्या आत केसांसारखे लोखंडाचे तुकडे.

लेथवाल्याचा चेहरा आठवला.

मी गणित शिकवतो, म्हणून हे मला आधी सुचायला हवं होतं. बोल्टवर जो ४.६ किंवा ८.८ असा आकडा असतो तो शोभेचा नसतो. पहिल्या आकड्याला शंभराने गुणलं की तो बोल्ट किती ताणावर तुटतो ते न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये मिळतं. दुसरा आकडा दशांश समजून त्याच्याशी गुणलं की तो कायमचा ताणला जाण्याची मर्यादा मिळते. म्हणजे ४.६चा चारशेवर तुटतो आणि दोनशे चाळीसवर हार मानतो, ८.८चा आठशेवर तुटतो आणि सहाशे चाळीसपर्यंत टिकतो. माझ्या रॉडवर आकडाच नव्हता. दर वर्षी मुलांना सांगतो, एकक लिहिलं नाही तर गुण नाही. आणि इथे.

तेव्हा संध्याकाळचे सहा झाले होते. लोहाओळी रविवारी बंद असेल या धास्तीने स्कूटर काढली आणि शेवटच्या उघड्या दुकानातून ८.८चा रॉड आणि त्याचेच नट आणले. दीडपट पैसे. येताना तर्री पोहा खाल्ला, कारण घरी जेवण मिळेल याची खात्री नव्हती. गाडी स्टँडवर, पोर्चभर पाने, तेलाचा वास आणि पाहुणे येणार असलेला रविवार. बायको फक्त एवढंच म्हणाली, "फ्रीजरमध्ये बर्फाच्या शेजारी ते काय ठेवलंय?"

ते नवे बुश होते. गार केलं की लोखंड आकसतं, बसवायला सोपं जातं, असं वाचलं होतं. रात्री मी हिशेब केला. साठ मिलिमीटर व्यास, खोलीचं तापमान पंचवीस, फ्रीजरचं उणे अठरा, म्हणजे त्रेचाळीस अंशांचा फरक. बाहेरची नळी आकसणार साधारण तीन शतांश मिलिमीटर. केसापेक्षा कमी. पण ठोकून बसणाऱ्या वस्तूंमध्ये सगळा खेळ शतांशांचाच असतो, म्हणून ते तिथेच राहू दिले.

रविवारी सकाळी नवा रॉड लावला, आट्यांना ग्रीस चोपडलं आणि आवळलं. रॉड टिकला. बुशही टिकला. तो हलेचना. मग आडमार्ग घेतला. ड्रिलने रबरात गोलाकार भोकं पाडत गेलो. रबर ड्रिलला गुंडाळतं, जळका वास येतो, तोंडाला रुमाल बांधावा लागतो. काही जण रबर पेटवून देतात. पेट्रोलची टाकी हातभर अंतरावर असताना तसं करणाऱ्याला काय म्हणावं. पंचवीसेक भोकांनंतर आतली नळी रबराच्या चिंध्यांसकट हातात आली. उरली ती डोळ्याला चिकटलेली बाहेरची नळी.

हॅक्सॉचं ब्लेड फ्रेममधून सोडवून डोळ्यातून ओवलं, पुन्हा फ्रेमला लावलं आणि आतून कापायला लागलो. या कामात घाई नाही. नळीची जाडी दीडदोन मिलिमीटर, तिच्या पलीकडे बीमचा डोळा, त्याला खाच पडता कामा नये. दहा ओढी, टॉर्च, बोट फिरवून पाहणं, पुन्हा दहा ओढी. ब्लेडचा आवाज बदलला की थांबायचं. कापलं जाताना तो 'खर्र खर्र' असा कोरडा असतो, शेवटच्या पापुद्र्याशी 'चिर्र' असा बारीक होतो. तिथे थांबून छिन्नीने नळीची कड आत वळवली आणि दोन ठोक्यांत ती सुरळीसारखी गोळा होऊन खाली पडली. चाळीस मिनिटं लागली. उजव्या बाजूला वीस. डोळा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला. पाहुणे आले, चहा झाला, मी पोर्चमधूनच नमस्कार केला.

नवा बुश बसवताना साबणाचं पाणी. ग्रीस नाही. पहिला बुश तिरपा गेला. डोळ्याची एक कड त्याला अडवत होती आणि मी आवळतच होतो. पोरीने टॉर्च खाली केला, "बाबा, एका बाजूनं जास्त गेला." काढला, पुन्हा लावला. या वेळी चार फेरे आवळायचं, मग पट्टीने चार बाजूंनी मोजायचं. व्हाइटनरच्या ठिपक्यांशी खाचा जुळवल्या. शेवटी वहीत लिहिलेल्या खोलीवर आला आणि थांबला. दुसरा एकदम सरळ गेला.

बोल्ट घातले, नवे नट लावले, टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोराला 'टक' वाजणारा पाना, उसना आणला होता त्याने कसले. टक. दुसरा. टक. त्या आवाजाइतकं समाधान देणारं या जगात फार थोडं आहे. चाकं लावली, गाडी खाली उतरवली आणि अंघोळीला गेलो.

सोमवारी संध्याकाळी शाळेतून येताना गतिरोधकावरून गाडी नेली. धप्प नाही! मी परत वळून पुन्हा नेली. नाही. थोडी कडक मात्र वाटत होती, मागून उचलून धरल्यासारखी. नवा बुश म्हणून असेल. काकांना दाखवायला गेलो. काका खुर्चीवरून उठून गाडीभोवती फिरले, मागच्या चाकाच्या कमानीखाली चार बोटं घालून पाहिली.

"बोल्ट कुठं कसले?"

"म्हणजे? खालीच. स्टँडवर असताना."

"चाकं हवेत असताना?"

"हो."

काकांनी माझा उजवा हात धरला. खाली लोंबत होता तसाच. मनगट मुठीत घट्ट आवळलं आणि म्हणाले, "आता हात वळवा." वळवला. मूठ तिथेच, हात फिरला, आणि मनगटाची कातडी चुरगळून ओढली गेली. दुखलं. "रबराचं हेच होऊन राहिलं," ते म्हणाले.

आतली नळी फिरत नाही. बोल्ट तिला पकडून ठेवतो. हे मला पाठ होतं. मग चाक लोंबत असताना ती पकडली, तर त्या लोंबत्या स्थितीलाच रबर आपली आरामाची जागा समजणार. गाडी जमिनीवर आली की ते पिळलेलं. घरी येऊन मोजलं. बीमचा हात, म्हणजे बुशापासून चाकापर्यंतचा भाग, साधारण चाळीस सेंटिमीटरचा, चाक हवेत असताना आणि जमिनीवर असताना फरक दहा सेंटिमीटर. म्हणजे गाडी पोर्चमध्ये नुसती उभी असतानाही ते रबर चौदापंधरा अंश पिळून उभं. वर रस्ता आपला, गतिरोधक आपला. मग असे बुश वर्षभरातच का फाटतात हे कळलं. नवा माल खराब निघाला म्हणून लोक दुकानदाराला शिव्या देतात. मीही दिल्या असत्या.

"एसटीत हे नव्या पोट्ट्यांना पहिल्या दिवशी सांगावं लागे," काका म्हणाले. "बोल्ट हवेत लावा. कसायचा मात्र जमिनीवर."

मंगळवारी गाडी शाळेला नेली नाही, स्कूटरने गेलो. बुधवारी नाताळची सुट्टी होती. काम सुरू करण्याआधी चाक आणि कमानीमधली उंची मोजून ठेवली असती तर जॅकने बीम त्या उंचीवर उचलून काम झालं असतं, पण मी मोजली नव्हती. म्हणून काकांकडच्या जुन्या सागवानी चौकटीचे तुकडे आणले, जाड, रुंद, हातभर लांब. मागची बाजू उचलून दोन्ही चाकांखाली त्यांची पायरी रचली आणि गाडी हळूहळू तिच्यावर सोडली. चाकांवर पूर्ण वजन, आणि मला खाली सरकायला जागा. स्टँड बोटभर खाली ठेवून तसेच उभे राहू दिले. गाडी दोनचार वेळा दाबून बसू दिली.

डावा नट सैल केला. अर्ध्या फेरीवर बुशातून 'कर्रर्र' असा खोल आवाज आला, म्हाताऱ्या माणसाने खुर्चीतून उठताना काढावा तसा, आणि माझ्या डोळ्यांदेखत गाडी खाली बसली. उजवा सोडला, पुन्हा थोडी बसली. पट्टीने मोजलं तर कमान आणि चाकाच्या मध्यामधलं अंतर जवळजवळ एक सेंटिमीटरने कमी झालं होतं. सोमवारी मला जे कडक वाटत होतं ते हे. पिळलेलं रबरच स्प्रिंगसारखं गाडीला वर धरून होतं. मग त्याच स्थितीत, गाडी स्वतःच्या पायावर उभी असताना, दोन्ही कसले. टक. टक. काका शेजारी उभे राहून चहा पीत होते. काही बोलले नाहीत.

नंतर व्हील अलाइनमेंट. टॉर्शन बीमला मागे काही ॲडजस्ट करता येत नाही, पण पाहायला तर हवं. रिंग रोडवरच्या दुकानात गेलो. मागच्या दोन्ही चाकांचे आकडे हिरव्यात आले, पुढचे थोडे जुळवावे लागले. डाव्या मागच्या टायरची आतली कड झिजून गेली होती, ती मात्र परत येत नाही. टायर अदलाबदल केले.

खाली खड्ड्यात उतरलेल्या पोराने टॉर्च मारून बीम पाहिला. "सर, हे पांढरं काय लावलं?"

"व्हाइटनर."

"बुश कुठून टाकले?"

"घरीच."

तो खड्ड्यातून अर्धा वर आला. "काढले कसे? आमच्याकडं तर पुलर नाही, बाहेर पाठवावं लागते."

मी डिकी उघडून रॉड, पाइप आणि वॉशर दाखवल्या. त्याने रॉडवरचा ८.८ बोटाने चाचपला, पाइपचं लेथ केलेलं तोंड पाहिलं आणि विचारलं, चार दिवस ठेवू का, एका गाडीचं काम अडलंय. दिला.

महिना झाला. मागच्या आठवड्यात पुन्हा विचारलं तर म्हणाला, अजून एक गाडी आहे, ती झाली की आणून देतो.